एक्केचाळीस नंबरची फिल्म

एक्केचाळीस नंबरच्या फिल्मवर मी पुरते पाच सेकंदही थांबले नाही. पाचवा प्रकार, म्हटलं, बाहेरची बाजू खचलीय आणि आतून मागे एक तुकडा सुटाय, ही बघ बाजूच्या फोटोत रेघ. एवढ्यावर गप्प बसेन तर मी कसली. वर म्हटलं, "याला नुसती बाहेरून एक प्लेट ठोकून मोकळा होणारा महाभाग निघतोच बघ एखादा." धम्मपाल हसला आणि त्यानं बेचाळीस नंबर लावला. मंगळवारची दुपार होती, हॉस्पिटलच्या मीटिंगच्या खोलीतला एसी नुसताच घरघरत होता, चहा गार झाला होता, आणि आम्ही दोघं एका बॅचचे हाडांचे डॉक्टर, पन्नाशी ओलांडलेले, शाळेतल्या मुलांसारखे फिल्मा ओळखत बसलो होतो. धम्मपालचं हॉस्पिटल नाशिक रोडला, माझं गंगापूर रोडला. दोघांचे मिळून चौसष्ट पेशंट, सगळ्यांची नडगी वरच्या टोकाला, म्हणजे गुडघ्याच्या सांध्यातच मोडलेली. नडगीचा माथा पाटासारखा सपाट असतो, त्यावर मांडीचं हाड टेकतं. तो पाट कसा फुटला यावरून सहा प्रकार: नुसती चीर पडली तर पहिला, चिरेबरोबर बाहेरची बाजू खचली तर दुसरा, असं करत करत दोन्ही बाजू फुटल्या की पाचवा, आणि अख्खा पाटच खालच्या हाडापासून निखळला की सहावा. प्रकार ठरला की ऑपरेशन ठरतं, कुठून उघडायचं, प्लेट एक की दोन, सगळंच. आमच्या अभ्यासाचा मुद्दा असा की हे प्रकार ओळखताना दोन डॉक्टरांचं किती जुळतं, आणि तोच डॉक्टर काही वर्षांनी तीच फिल्म बघतो तेव्हा त्याचं स्वतःशी तरी किती जुळतं. म्हणून नावं झाकलेली आणि क्रम पत्त्यांसारखा पिसलेला. चौसष्ट फिल्मा संपल्यावर धम्मपालनं लॅपटॉपवर जुन्या नोंदी उघडल्या आणि पडताळायला सुरुवात केली. एक्केचाळीसपाशी त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "अगं रोहिणी," तो म्हणाला, "ही तुझीच आहे. दोन हजार एकोणीस. तेव्हा तू दुसरा लिहिलायस."

मी म्हटलं, बघू. त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. बाळाजीगुरुजी, वय बावन्न, पंचवटी, स्कूटरवरून पडले, प्रकार दुसरा, बाहेरून उघडून एक प्लेट. महाभाग म्हणजे मीच. धम्मपाल हसला असता तर बरं झालं असतं, मी त्याच्यावर खेकसले असते आणि विषय तिथेच मिटला असता. पण तो हसला नाही. म्हणाला, अगं, माझेही नऊ ठिकाणी बदललेत, तुझे अकरा, यासाठीच तर अभ्यास करतोय आपण. खरं होतं ते. पण त्या बाकीच्या दहांत पहिल्याचा दुसरा झाला होता, दुसऱ्याचा तिसरा, ऑपरेशन तेच राहिलं असतं. इथे तसं नव्हतं. इथे आतला मागचा तुकडा कुणी धरलाच नव्हता, तो तसाच सुटा ठेवून मी जखम शिवली होती. मला लाज वाटली. त्याच्याही आधी भीती वाटली, कोर्टाची, पेपरात नाव येण्याची. आणि भीती आधी वाटली हे कळल्यावर लाज आणखी वाढली. मग मला गुरुजी आठवले. रामकुंडावर बाहेरगावच्या यात्रेकरूंचे विधी सांगायचे, चार-चार तास घाटाच्या फरशीवर मांडी घालून बसायचे, आणि पहिल्याच दिवशी कण्हत कण्हत त्यांनी मला एकच विचारलं होतं, की मॅडम, मांडी घालता येईल ना. मी म्हटलं होतं, का नाही येणार. तीन महिन्यांनी गुडघा जेमतेम काटकोनात वाकत होता आणि पाय आतल्या बाजूला किंचित कललेला होता, तेव्हा भरल्या ओपीडीत मी त्यांना झापलं होतं. गुरुजी, ऑपरेशन मी केलं, व्यायाम पण मीच करू का? त्यांनी मान खाली घातली. कमी पडतो मॅडम, म्हणाले. आणि मी केसपेपरवर लिहिलं, पेशंट व्यायामात कुचराई करतो. ते वाक्य आता स्क्रीनवर होतं, माझ्याच लफ्फेदार अक्षरात, स्कॅन केलेलं.

घरी जाताना गंगापूर रोडला नेहमीसारखी गाड्यांची दाटी होती आणि मी प्रत्येकावर हॉर्न वाजवत होते. माझा स्वभावच तिखट, आमच्याकडे म्हणतात की रोहिणीला बोलायला जीभ पुरत नाही. पण त्या दिवशी राग कुणावर काढायचा तेच कळेना. मी ती एकोणीसची सकाळ आठवायचा प्रयत्न करत होते, म्हणजे स्वतःला सोडवायला काहीतरी सापडतंय का ते बघत होते. फिल्म धूसर होती का? नव्हती. घाई होती का? होती, पण घाई कधी नसते. सीटी स्कॅन का केला नाही? गरज वाटली नाही, समोरच्या फोटोत बाहेरची बाजू इतकी स्वच्छ खचलेली दिसत होती की सापडलं, म्हटलं, आणि बघायचं थांबवलं. हे आम्ही मुलांना शिकवतो. किल्ली सापडली की माणूस खिसे चाचपायचं सोडतो, हाडाच्या फोटोत तसं करू नका, एक मोड सापडला की दुसरा शोधा. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि पडताना पाय कसा होता, हे मी विचारलंच नव्हतं. पुढे कधीतरी टाके काढताना ते आपणहून म्हणाले होते की स्कूटर मालेगाव स्टँडच्या वळणावर घसरली तेव्हा पाय खाली पूर्ण दुमडला गेला होता. दुमडल्या पायावर पडलेला माणूस, म्हणजे मागचा तुकडा सुटणारच, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल. मी हो हो म्हणत टाके काढत राहिले होते. सिग्नल हिरवा झाला आणि मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा मी खिडकीतून मान काढून त्याला बोलणार होते, पण तशीच मान आत घेतली. तो बाजूनं निघून गेला.

आता खरी गंमत अशी की आमच्या अभ्यासात गुरुजींचा निकाल उत्तम होता. आमच्याकडची उज्वला, व्यायाम शिकवणारी, तिनं सगळ्या चौसष्ट जणांना फोन करून एक प्रश्नावली भरून घेतली होती. जिना चढताना त्रास होतो का, खुर्चीतून उठताना होतो का, गाडीत बसताना, झोपताना, मोजे घालताना. मोजे. पंचवटीतल्या गुरुजींना विचारायचं, मोजे घालताना त्रास होतो का. ते म्हणाले असतील, नाही बुवा, काहीच नाही. शंभरपैकी ब्याण्णव. बुधवारी सकाळी मी उज्वलाला विचारलं की तू मांडीचं विचारलंस का. ती म्हणाली, फॉर्ममध्ये नाहीये मॅडम ते. तिचं बरोबर होतं. फॉर्म मीच निवडला होता, बाहेरच्या देशातला, जगभर चालतो म्हणून. मग मी बसून सगळे फॉर्म वाचले आणि अस्वस्थ झाले. निफाडच्या रंगनाथचा प्रकार सहावा, सगळ्यात वाईट, त्याच्या पायात दोन प्लेटा आणि पंधरा स्क्रू आहेत, आणि तो म्हणतो, लय भारी हाय पाय, द्राक्षाची छाटणी मीच करतो. नामपूरच्या कांदा मार्केटातल्या ठमाबाईंचा प्रकार पहिला, नुसती चीर, आणि त्यांना दोन वर्षं झाली तरी काठी सुटत नाही, पण त्यांनीही फोनवर सांगितलंय, आता बेस शे. सगळेच बरे. चौसष्टातले अठ्ठावन्न उत्तम. डॉक्टरच्या दवाखान्यातून फोन आलाय, कुणीतरी आपली आठवण ठेवलीय, मग बिचारीला कशाला वाईट वाटू द्यायचं, असं म्हणून ही माणसं मार्क देतात. पाहुण्यानं जेवण कसं झालं विचारल्यावर सांगावं तसं. आणि आम्ही त्या मार्कांची सरासरी काढणार होतो.

धम्मपालचा फोन आला तेव्हा मी जेवत होते. त्यानं सरळ सांगितलं की एक्केचाळीस नंबर काढून टाकू, त्रेसष्टांवर पेपर होतो, आकड्यात फरक पडत नाही. मी म्हटलं, आकड्याचं नाही रे, गुरुजींना सांगावं लागेल. तो मग म्हणाला, "सांगून काय, हाड सरळ होणारे? सहा वर्षं झाली. माणूस सुखात आहे, ब्याण्णव मार्क देतोय. तुला मोकळं वाटावं म्हणून तू त्याच्या डोक्यात किडा सोडणार." त्याचं म्हणणं मला झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. मी तिरसटपणे म्हटलं की गुडघा बदलता येतो, सांधा खराब होत असेल तर त्याला कळायला नको का, आणि फोन ठेवला. पण ती पळवाट होती. तपासणीला या म्हटलं असतं आणि गुडघा बदलायचं सुचवलं असतं, तर तेवढ्यानं ते काम झालं असतं, चूक कबूल न करताही. मला नेमकं काय सांगायचं होतं हे मला दोन दिवस उलगडत नव्हतं. हाडाचं चुकलं हे एक वेळ मी पचवलं असतं, हाडाच्या डॉक्टरचं कधी ना कधी चुकतं, ज्याचं चुकत नाही तो ऑपरेशनच करत नाही. मला गिळता येत नव्हतं ते त्यांचं मान खाली घालणं. कमी पडतो मॅडम. सहा वर्षं तो माणूस समजत असणार की आपण आळशी म्हणून मांडी गेली, घाट गेला, बसायची जागा गेली. आणि हे त्याला मी सांगितलं होतं, चारचौघांत, आवाज चढवून. हाड मला परत करता येणार नव्हतं, पण हा ठपका मागे घेता येत होता.

गुरुवारी ओपीडीत एक बाई आली, घोटा मोडलेली, तीन आठवड्यांत सूज उतरली नव्हती. मी घोटा हातात घेतला, फिरवला आणि तोंडातून निघालंच, तुम्ही व्यायाम... आणि तिथेच अडकले. बाई घाबरून बघत राहिल्या. मी विचारलं, करताय ना व्यायाम? करते की, म्हणाल्या, रोज दोनदा. आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले, खरं बोलतायत की नाही ते ओळखायला, आणि मला कळलं की मला ते ओळखता येत नाही, कधीच येत नव्हतं. तीस वर्षं मी ते हाडावरून ठरवत आले होते. हाड चांगलं आलं तर पेशंट गुणी, हाड वाकडं आलं तर पेशंट आळशी. कोण जाणे किती केसपेपरांवर ते वाक्य लिहिलं असेल. मी त्या बाईंचा फोटो पुन्हा काढायला सांगितला, दोन्ही बाजूंनी, आणि आधीचाही मागवून शेजारी लावला. काहीच नव्हतं, घोटा नीट होता. त्या गेल्यावर मी सिस्टरला म्हटलं की पाच मिनिटं कुणाला पाठवू नका, आणि गुरुजींचा नंबर फिरवला. त्यांनी ओळखलं, आनंदानं आवाज चढला त्यांचा. मी म्हटलं, रविवारी घरी येऊ का, पाय बघायचाय, अभ्यासासाठी. ते म्हणाले, अहो, तुम्ही कशाला, मीच येतो की. मी म्हटलं, नाही, मी येते. डॉक्टर घरी येणार म्हटल्यावर माणसं गडबडतात, तेही गडबडले, मग म्हणाले, या या, सकाळीच या, सुधा पोहे करेल.

हिरावाडीतली चार मजली सोसायटी, लिफ्ट नाही, गुरुजी दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मी मोजत होते, छत्तीस पायऱ्या, रोज एवढ्या हा माणूस चढतो आणि त्रास होत नाही म्हणतो. दार सुधाताईंनी उघडलं. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, भरभर बोलणाऱ्या. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला आत जाववेना. माझ्या हातातली पर्स घेऊन त्यांनी टेबलावर ठेवली आणि गुरुजी खुर्चीचे दोन्ही हात दाबून, उजवा पाय आधी पुढे काढून उठले तेव्हा लगेच मला म्हणाल्या, बघताय ना मॅडम, तुमचं ऐकलं असतं तर ही वेळ आली असती का. तुम्ही तेव्हा ओपीडीत बोललात ना, मला फार बरं वाटलं होतं, म्हटलं, माझं नाही तर निदान डॉक्टरांचं तरी ऐकतील. त्यांच्या लेखी मी त्यांच्या पक्षातली होते. गुरुजी हसले, ओशाळं, सवयीचं हसू. सुधाताई पोह्यांकडे गेल्या. गुरुजींसमोर टेबलावर जाडजूड लांब वह्या होत्या, यजमानांच्या वंशावळीच्या, कुणाचे पणजोबा कधी आले होते, कोण कोणाचा मुलगा. ते सांगत होते की घाटावर आता चुलतभाऊ दीपक बसतो, त्यांना स्टुलावर बसून विधी सांगता येत नाहीत, म्हणजे सांगता येतात, पण समोरचा यजमान खाली आणि गुरुजी वर, यजमानाला अवघडल्यासारखं होतं आणि त्यांनाही. म्हणून ते घरून वह्या सांभाळतात, कुणी फोन केला की नावं शोधून देतात. तक्रार नव्हती त्यात. त्यांनी ब्याण्णव मार्क खोटे दिले नव्हते, जे जमत नाही ते करायचं सोडलं होतं, मग त्रास कसला.

मी त्यांचा गुडघा बघितला. वाकवला, सरळ केला, आतल्या बाजूनं दाबून बघितला. बोटांना कळत होतं सगळं, आतली कड खाली गेलेली, मागे हाडाची एक पायरीच झालेली. मग मी खाली फरशीवर बसले होते तिथेच बसून राहिले, आणि एका रिकाम्या पाकिटाच्या मागे पेनानं आकृती काढून त्यांना सांगितलं. तुमची नडगी दोन ठिकाणी फुटली होती गुरुजी, मला एकच दिसलं. बाहेरचं मी बसवलं, आतला हा मागचा तुकडा मला दिसला नाही, तो सुटाच राहिला. गुडघा वाकला की वरचं हाड नेमकं त्याच तुकड्यावर येतं आणि त्याला खाली ढकलतं. तो तसा सरकत सरकत खाली जाऊन जुळला, म्हणून पाय कललाय आणि म्हणून मांडी होत नाही. चूक माझी होती. मी तुम्हाला व्यायाम करत नाही म्हणाले, सगळ्यांसमोर म्हणाले, ते खोटं होतं. हे सगळं मी गाडीत चार दिवस पाठ केलेलं होतं, आणि बोलताना माझा आवाज मला कुणा दुसऱ्याचाच वाटत होता. गुरुजी आकृतीकडे बघत राहिले. कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी आळस केला म्हणून नाही?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "केला होता मॅडम व्यायाम. एक दिवस चुकवला नाही."

मग ते बोलायला लागले आणि थांबेनात. रोज पहाटे साडेपाचला, अकरा महिने. ते पालथे झोपायचे आणि सुधा त्यांची टाच धरून मागे दाबायची, तुमच्याकडच्या मुलीनं शिकवलं होतं तसं, दहाचे तीन फेरे. तोंडात पंचा कोंबायचो, म्हणाले, बिल्डिंगीला ऐकू जायला नको. आणि तरी वाकत नव्हता, मग सुधा म्हणायची, तुम्ही अंग चोरता, ताठ धरता पाय, अजून जोर द्यायची. मी विचारलं, मग ओपीडीत का नाही सांगितलंत तेव्हा? ते म्हणाले, "तुम्ही एवढ्या मोठ्या डॉक्टर. तुम्ही म्हणताय कमी पडतो म्हणजे पडत असणार कमी." मी ऐकत होते. दीड महिन्यापूर्वी मोडलेलं हाड, मागचा तुकडा सुटा, आणि त्यावर रोज पहाटे एक धडधाकट बाई दोन्ही हातांनी जोर देतेय. दाबा, रडले तरी दाबा, असं मीच सांगायला लावलं होतं. मी एवढा विचार केला, पेपरचा केला, कोर्टाचा केला, त्यांच्या खाली घातलेल्या मानेचा केला, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की दाबणारं कुणीतरी असणार. गुरुजींच्या मात्र ते लक्षात आलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला होता, सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांना निर्दोष ठरवलं होतं. त्यांनी आत हाक मारली, "सुधा, जरा बाहेर ये. मॅडम काय सांगतायत ऐक." आणि मला म्हणाले, परत सांगा हिला, मघाशी सांगितलंत तसंच.

सुधाताई पदराला हात पुशीत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी सांगितलं. नडगी दोन ठिकाणी फुटली होती, मला एकच दिसलं, चूक माझी, गुरुजींनी काही कुचराई केली नाही. त्यांचं तोंड उघडं राहिलं, मग त्या रागावल्या, माझ्यावर, आणि ते मला चाललं असतं, मी त्यासाठीच आले होते. मी उठायला लागले. पण गुरुजींना तेवढं पुरेना. त्यांनी पाकीट पुढे केलं, "असं अर्धवट नको, ते वाकवल्यावर सरकतं ते सांगा ना. हे बघ सुधा, हा तुकडा. गुडघा वाकवला की वरचं हाड याच्यावर येतं, आणि मग तो..." आणि बोलता बोलता ते थांबले. त्यांचं बोट आकृतीवर होतं तिथेच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी जर त्या क्षणी काही बोलू शकले असते, पोहे करपतायत एवढं जरी, तर कदाचित निभावलं असतं. गुरुजी घाईघाईनं म्हणाले, जाऊ दे, डॉक्टरी भाषा ती, आपल्याला काय कळतंय, तू पोहे आण. सुधाताई हलल्या नाहीत. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटं सुलटं केलं.

"मग मी अकरा महिने काय दाबत होते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुम्हाला आम्ही शिकवलं होतं तसं तुम्ही केलंत, माझ्या सांगण्यावरून केलंत, यात तुमचा काही... त्यांनी मला मध्येच थांबवलं, आवाज न चढवता. ते नाही विचारलं मी, म्हणाल्या. काय दाबत होते ते सांगा.

गुरुजी माझ्याकडे बघून मान हलवत होते, नको म्हणून. आणि मला खोटं बोलता आलं असतं, तीस वर्षं मी पेशंटच्या नातेवाइकांशी सोयीचं बोलत आले आहे, मला त्याची वाक्यं तोंडपाठ आहेत. "तो तुकडा," मी म्हटलं.

सुधाताईंनी पाकीट टेबलावर वहीशेजारी ठेवलं, नीट, कडेला कड लावून. माझ्याकडे त्यांनी पुन्हा बघितलंच नाही. त्या नवऱ्याकडे वळल्या, आणि मघापासून इतक्या भरभर बोलणाऱ्या त्या बाईला एक एक शब्द शोधावा लागत होता.

"म्हणजे तेव्हा तुम्हाला खरंच दुखत होतं?"

"थोडं," गुरुजी म्हणाले.